पेपर स्वीकारला, पण वाचला कोणी?



मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. शहाड स्टेशनवर टिटवाळा लोकलची वाट बघत उभी होते. एक जुने पालक भेटले. त्यांची मुलगी दहावीला माझ्या वर्गात होती, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मॅडम, पोरीचा पेपर इंटरनॅशनल कॉन्फरन्सला लागलाय. सायबर सिक्युरिटीवर आहे. साडेआठ हजार भरायचेत, उद्या शेवटची तारीख. भरू ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर आनंदही होता आणि काळजीही. घरात इंजिनिअर होणारी ती पहिलीच. मी पत्र वाचलं. पेपर पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी स्वीकृती आली होती. सुधारणा एकही सुचवलेली नव्हती. त्याच परिषदेत त्याच दिवशी शेती, व्यवस्थापन, औषधशास्त्र आणि योग या विषयांवरही पेपर वाचले जाणार होते. मनात पाल चुकचुकली, पण ठाम उत्तर देता येईना. मी मराठी शिकवते, कॉम्प्युटर नाही. "एक दिवस थांबा दादा, विचारून सांगते," एवढंच म्हणाले.

त्या एका दिवसात आणि नंतरच्या काही आठवड्यांत जे वाचलं, विचारलं आणि समजलं, ते इथे लिहिते आहे. कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही. कल्याण, उल्हासनगर, ठाणे या पट्ट्यातली कितीतरी मुलं आज या क्षेत्रात शिकत आहेत, आणि अशी पत्रं त्यांच्या मोबाईलवर येत असणारच.

कॉम्प्युटरवाल्यांच्या परिषदा वेगळ्या का?

आपल्याकडे परिषद म्हटलं की उद्घाटन, शाल-श्रीफळ, जेवण आणि प्रमाणपत्र डोळ्यांसमोर येतं. बऱ्याच विषयांत खरं संशोधन नियतकालिकात छापलं जातं आणि परिषद ही भेटीगाठींची जागा असते. कॉम्प्युटर विज्ञानात मात्र उलटं आहे. तिथे तंत्र इतक्या भराभर बदलतं की नियतकालिकाच्या छपाईपर्यंत थांबणं परवडत नाही. म्हणून चांगल्यातलं चांगलं काम परिषदेतच मांडलं जातं, आणि परिषदेची निवडप्रक्रियाही तितकीच कडक असते.

कॉम्प्युटर सुरक्षेत चार परिषदा सर्वांत वरच्या मानल्या जातात. पहिली आयईईईची सिम्पोझियम ऑन सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, १९८० पासून चालू असलेली. ती पुष्कळ वर्षं अमेरिकेत ओकलंडला भरायची. आता तिथे भरत नाही, तरी संशोधक तिला अजूनही 'ओकलंड'च म्हणतात. दुसरी यूझनिक्स सिक्युरिटी, तिसरी एसीएमची सीसीएस आणि चौथी एनडीएसएस. या परिषदांत साधारणपणे पाच पेपर आले तर चार परत जातात. प्रत्येक पेपर त्याच विषयातले अनेक परीक्षक वाचतात. लेखकाचं नाव परीक्षकांपासून झाकलेलं असतं, म्हणजे आपल्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेसारखंच. परीक्षक लेखी शेरे देतात, आक्षेप काढतात, आणि पुष्कळदा लेखकाला उत्तर देण्याची संधीही मिळते.

एवढं सगळं करून निघतं काय? आपल्या रोजच्या वापरातलंच उदाहरण घेऊ. भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत आपण यूपीआयने पैसे देतो. २०२० च्या यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेत रेणुका कुमार, अतुल प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यूपीआयच्या सुरक्षेवरचा पेपर होता. त्यांनी सात लोकप्रिय पेमेंट ॲप उलगडून यूपीआयच्या पहिल्या आवृत्तीत रचनेतलेच दोष दाखवले. फोनमध्ये एखादं घातक ॲप शिरलं, तर ज्याने कधी यूपीआय वापरलंच नाही अशा माणसाचंही खातं जोडून रिकामं करता येऊ शकतं, असं त्यांनी मांडलं. त्यांनी कळवलेला हल्ल्याचा एक मुख्य मार्ग यूपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत बंद झाला. म्हणजे चांगल्या परिषदेतल्या पेपरचा संबंध थेट तुमच्या-माझ्या पासबुकाशी येतो.

क्रमवारी कशी लावतात, आणि ती कुठे फसते?

परिषदांचा दर्जा ठरवणाऱ्या याद्या आहेत. ऑस्ट्रेलियातून निघणारी 'कोअर' यादी कॉम्प्युटरच्या परिषदांना ए-स्टार, ए, बी, सी असे वर्ग देते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले प्राध्यापक गुओफेई गू यांनी खास सुरक्षा परिषदांची क्रमवारी केली आहे, संशोधक तिचा आधार घेत आले आहेत. अशा याद्या करताना साधारणपणे काही गोष्टी बघितल्या जातात: किती टक्के पेपर घेतले, ते पुढे इतरांनी किती वेळा उद्धृत केले, निवड समितीवर कोण आहे, परिषद किती वर्षं सातत्याने चालू आहे. काही मोठ्या परिषदा जुन्या पेपरना 'काळाच्या कसोटीवर उतरलेला पेपर' असा पुरस्कारही देतात. मला हा निकष फार आवडला. चांगल्या शिक्षकाची परीक्षाही विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनीच होते, नाही का?

पण यादीवर डोळे झाकून विसंबता येत नाही. किती टक्के पेपर घेतले हा आकडा फसवा आहे. भरमसाट कच्चे पेपर मागवून बहुतेक परत पाठवले की कुठलीही परिषद कडक दिसते. आणि वरच्या परिषदांतही नशिबाचा भाग असतो. २०१४ मध्ये निप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नामवंत परिषदेने एक प्रयोग केला. १६६ पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांकडे स्वतंत्रपणे दिले. साधारण चतुर्थांश पेपरच्या बाबतीत एका समितीने 'घ्या' म्हटलं आणि दुसरीने 'नको'. एकच निबंध दोन शिक्षकांकडे तपासायला दिला तर काय होतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून पेपर नाकारला म्हणजे काम टाकाऊ, असं मुळीच नाही.

नुसत्या मोठ्या नावावरही जाऊ नका. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी आपोआप निरर्थक पेपर लिहिणारा प्रोग्रॅम तयार केला. त्यातून निघालेला एक पेपर एका आंतरराष्ट्रीय परिषदेने परीक्षण न करताच स्वीकारला. हे हसण्यावारी न्यावं, तर २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या दोन्ही बड्या प्रकाशकांना असे १२० हून जास्त निरर्थक पेपर आपल्या संग्रहातून काढावे लागले. लक्षात घ्या, ओकलंडच्या परिषदेवर जे आयईईईचं नाव असतं, तेच त्या पेपरांवरही होतं. तेव्हा पत्रावरचा शिक्का बघून निर्णय करू नये.

दुकान चालतं, कारण गिऱ्हाईक आहे

पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या परिषदा एवढ्या का फोफावल्या? दोष फक्त दुकानदाराचा नाही. २०१० च्या यूजीसी नियमांत महाविद्यालयीन शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आली. परिषदेत पेपर वाचला की गुण. २०१६ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापणं आणि परिषदांत दोन पेपर वाचणं बंधनकारक झालं. हेतू चांगला होता. पण मोजणी सुरू झाली, आणि जे मोजलं जातं त्याचाच बाजार भरतो. २०२२ मध्ये पीएचडीची ती सक्ती काढण्यात आली, तोवर सवय लागून गेली होती.

हैदराबादच्या ओमिक्स कंपनीचं प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. नियतकालिकांबरोबर परिषदाही भरवणाऱ्या या कंपनीविरुद्ध २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला. नामवंत संशोधक परिषदेला येणार असल्याची खोटी जाहिरात, हाही त्यातला एक आरोप होता.

आपल्याकडे आवर घालायचा प्रयत्नही झाला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या जुन्या यादीतली नियतकालिकं तपासली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग 'केअर' यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. २०२५ च्या सुरुवातीला तीही बंद झाली. आता निकष सुचवलेत, आणि दर्जा पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि शिक्षकांवर आहे. म्हणजे आपल्यावरच.

मधली वाट आपल्या जवळच आहे

इथे माझं मत स्पष्ट सांगते. शेवटच्या वर्षाच्या मुलीने ओकलंडचं स्वप्न जरूर बघावं, पण आज तिची गरज वेगळी आहे. तिचा पेपर कुणीतरी मन लावून वाचायला हवा आणि चुका दाखवायला हव्यात. परिषदेची प्रतिष्ठा नंतर, आधी प्रामाणिकपणा.

अशा प्रामाणिक परिषदा आपल्या देशात आहेत. गुप्तलेखनशास्त्राची इंडोक्रिप्ट २००० पासून भरते आहे. माहिती प्रणालींच्या सुरक्षेवरची आयसीआयएसएस २००५ मध्ये सुरू झाली, आणि २०१७ मध्ये ती आपल्या मुंबईत, आयआयटी पवईला भरली होती. स्पेस नावाची परिषद २०१४ मध्ये पुण्यात झाली. या काही त्या पहिल्या चारांत बसत नाहीत. पण विषय ठरलेला, समितीवर त्या विषयातली माणसं, आणि नकार देण्याची तयारी. एवढं असलं तर मधल्या पायरीवरची परिषदही विद्यार्थ्याला घडवते.

शिवाय सुरक्षेच्या क्षेत्रात एक दुसरा प्रवाहही आहे. गोव्यात २०१० पासून भरणारी नलकॉन घ्या. तिथे शोधनिबंधापेक्षा प्रत्यक्ष करून दाखवण्याला मान आहे. एखाद्या मुलाला प्रबंध लिहायचा कंटाळा असेल, पण यंत्रातली खोट शोधायचा नाद असेल, तर त्याच्यासाठी ती जागा जास्त योग्य. दोन्हींची प्रतिष्ठा वेगळी, मोजमापही वेगळं.

पैसे भरण्याआधी हे विचारा

पालकांना कॉम्प्युटर यायची गरज नाही. मुलांना एवढंच विचारा:

१. परीक्षकांनी काय लिहून पाठवलं? शेरे दाखव. (नुसतं 'उत्कृष्ट' हा शेरा नव्हे.)

२. परिषदेचा विषय एक आहे की सगळ्या विषयांची खिचडी?

३. निवड समितीवर कोण आहेत? त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर किंवा त्यांना ईमेल करून खात्री केलीस का?

४. मागच्या वर्षीचे पेपर वाचायला मिळतात का? त्यातला एक वाचून तुला काही नवं कळलं का?

५. तुझ्या मार्गदर्शकांनी स्वतः तिथे पेपर पाठवला असता का?

फी मागितली म्हणजे फसवणूकच, असं नाही. चांगल्या परिषदांनाही नोंदणी शुल्क असतं. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर बाकीचे विचारायचीही गरज नाही.

आणि आता थोडं आपल्या शिक्षकांबद्दल. आपणही बढतीच्या फायलीत लावायला प्रमाणपत्रं गोळा केली आहेत. सत्र सुरू असताना चहाला जाऊन बसलो आहोत. मीसुद्धा. मुलं आपलं बोलणं ऐकतात त्यापेक्षा आपलं वागणं जास्त बघतात. प्रमाणपत्राची भिंत आपण सजवली, तर मुलं तीच सजवणार.

त्या मुलीचं पुढे काय झालं? मी तिला एवढंच सुचवलं की परिषदेला लिही, परीक्षकांचे शेरे पाठवा. तिने लिहिलं. उत्तरात पैसे भरायची लिंक परत आली, सोबत 'आजच भरल्यास सवलत'. तिने पैसे भरले नाहीत. दोन दिवस रडली, असं तिची आई म्हणाली. मग तिने तोच पेपर आपल्या मार्गदर्शकांना आणि पीएचडी करणाऱ्या एका सीनियरला वाचायला दिला. सीनियरने पहिल्याच पानावर सात चुका काढल्या. परवा ती बिर्ला मंदिरात भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, अजून कुठे लागला नाहीये पेपर. पण आता तो कशावर आहे ते मला नीट सांगता येतं."

सात चुका काढणारा तो सीनियर म्हणजे तिच्या पेपरचा पहिला खरा वाचक. आपल्या मुलांना असा वाचक मिळवून देणं, हे साडेआठ हजार भरण्यापेक्षा अवघड आहे, पण तेच आपलं काम आहे.