पोवळ्यांस उजेड किती द्यावा?

समुद्रापासून इतक्या दूर, वर्धा जिल्ह्यांत बसून आम्ही पोवळ्यांविषयीं लिहावें, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु काचेच्या हौदांत खारें पाणी भरून त्यांत मासे व पोवळीं पाळण्याचा छंद आतां आमच्याकडेहि येऊन पोंचला आहे. गेल्या वैशाखांत आमच्याच घरीं त्यापायीं जो प्रकार घडला तो सांगितल्यास इतरांचें नुकसान टळेल, अशी आमची समजूत आहे.

आमच्या नातवानें वर्षभर पैसे सांठवून असा हौद मांडला व त्यांत छत्रीसारखीं पसरणारीं मऊ पोवळीं सोडलीं. या जातीस मंद उजेडच मानवतो, असें त्यानें वाचून ठेविलें होतें. पण आम्ही पडलों शिक्षक! उजेड जितका अधिक तितका बरा, असें त्यास ठासून सांगून आम्हीं त्याचा साधा दिवा काढविला आणि दुकानांतला सर्वांत प्रखर दिवा आणून बसविला. आठ दिवसांत तीं पोवळीं आकसलीं, मग पांढरीं पडलीं, आणि अखेर विरघळून गेलीं. मुलगा आम्हांस एक शब्दहि बोलला नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें.

चूक कोठें झाली? पोवळें हा प्राणी आहे, वनस्पति नव्हे. मात्र त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल वस्तीस असतें. तें उजेडावर अन्न तयार करतें व त्याचा मोठा वांटा यजमानास देतें. उजेड बेताबाहेर गेला किंवा पाणी तापलें म्हणजे तेंच शैवाल घातक द्रव्यें उत्पन्न करूं लागतें व पोवळें त्यास बाहेर घालवितें. पांढरेपणा तो हाच. बिऱ्हाडकरू गेला, आणि त्याबरोबर घरांतलें अन्नहि गेलें!

आपल्याच किनाऱ्याचें उदाहरण घ्या. १९८७ सालीं अभयारण्य झालेल्या मालवणच्या समुद्रांत पोवळीं आहेत. तेथें गढूळ पाण्यामुळें ऊन मंदावतें. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर आंत, कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें ‘आंग्रिया बँक’ हें बुडालेलें पठार आहे. तेथील पोवळीं वीस मीटर व त्याहूनहि खोल वाढतात. पाण्यांत तांबडा प्रकाश वरच्यावरच शोषला जातो, निळा मात्र खोलवर उतरतो. संस्कृतांत राजस्त्रियांस ‘असूर्यंपश्या’ असें विशेषण लावीत. या पोवळ्यांस तें लावणें चुकीचें होईल. त्यांस सूर्य हवा, पण गाळून आलेला.

म्हणून दिवा निळसर पांढरा, १४,००० ते २०,००० केल्विनचा घ्यावा. शैवालास उपयोगी पडणारा उजेड ‘पार’ या मापानें मोजतात. भर दुपारचें ऊन या मापानें सुमारें २,००० भरतें; मंद उजेडाच्या पोवळ्यांस ५० ते १०० पुरे होतो. जोर कमीजास्त करतां येईल असा एलईडी दिवा उत्तम. जुने मेटल हॅलाइड दिवे पाणी फार तापवितात, आणि ज्या वर्ध्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेथें तर ते नकोतच. पाणी २४ ते २७ अंश असावें. ३० च्या वर गेल्यास धोका. आमच्या कोरड्या उन्हाळ्यांत पाण्याच्या पृष्ठभागावर लहानसा पंखा सोडला तरी दोनतीन अंश उतरतात. मात्र वाफेबरोबर मीठ जात नाहीं; म्हणून उणें झालेलें पाणी रोज गोडें व शुद्ध केलेलेंच घालावें.

दिवा आठनऊ तासच ठेवावा. नवा दिवा तिसरा हिस्सा जोरावर सुरू करून तीनचार आठवड्यांत हळूहळू वाढवावा. पोवळें उजेडाकडे ताणूं लागलें तर उजेड कमी, आकसून फिकें पडलें तर जास्त, असें समजावें. वीज गेल्यास इन्व्हर्टर आधीं पंपास जोडावा. एक दिवस अंधार सोसवतो, पण पाणी थांबलेलें फार वेळ सोसवत नाहीं. पोवळीं विकत घेतांना हेंहि ध्यानांत असूं द्यावें कीं, खडक बांधणारीं दगडी पोवळीं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें वाघाच्याच अनुसूचींत घातलेलीं आहेत. तीं विकणें किंवा किनाऱ्यावरून उचलून आणणें हा गुन्हा आहे.

मार्गशीर्षांत नातवानें हौद पुन्हां मांडला. “आजोबा, ह्या वेळीं दिवा मी निवडूं?” असें त्यानें भीतभीतच विचारलें. आम्हीं मुकाट्यानें पैसे काढून दिले. त्याचा दिवा आमच्या दिव्याच्या निम्म्या किंमतीचा निघाला, आणि पोवळीं अद्याप पसरलेलीं आहेत.