धुरा कुठे, ते आधी सांगा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुरा जागेवर असेल तर दोन शेजारी पिढ्यान्‌पिढ्या गुण्यागोविंदाने नांदतात. तोच दोन हात इकडे सरकला की तिकडे, असा संशय आला की मोजणी, पंचनामा, तहसील आणि शेवटी कोर्ट अशी वाट सुरू होते. आणि पुष्कळदा भांडणाचा खर्च त्या दोन हात जमिनीच्या किमतीहून अधिक होतो. जमिनीचा धुरा निदान डोळ्यांना दिसतो. माणसाच्या डोक्यातून निघालेल्या कल्पनेचा धुरा मात्र केवळ शब्दांनीच आखावा लागतो. पेटंट नावाच्या कागदाचे सगळे बरेवाईट या एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि नेमके तिच्याविषयीच आपल्याकडे कोणी बोलत नाही.

पेटंट म्हणजे सरकारने संशोधकाशी केलेला सौदा. तू तुझी युक्ती सगळ्या जगाला उलगडून सांग. त्या बदल्यात २० वर्षे ती दुसऱ्या कोणाला तुझ्या परवानगीशिवाय वापरता येणार नाही. या सौद्याच्या कागदाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वर्णन असते: यंत्र कसे आहे, कसे चालते, आकृती कोणत्या. शेवटच्या भागात हक्कदावे असतात. वकिलांच्या भाषेत क्लेम. वर्णन शिकवण्यासाठी असते, हक्कदावा अडवण्यासाठी. ‘एवढे माझे, याच्या बाहेरचे सर्वांचे’ असे सांगणारी ती ओळ असते. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्याचे कलम १० म्हणूनच बजावते, की हक्कदावे स्पष्ट आणि नेमके हवेत आणि वर्णनात जे सांगितले आहे त्याच्या आधारावर उभे हवेत. ते तसे आहेत की नाहीत हे पाहण्याचे काम पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाचे.

एक उदाहरण घेऊ. आज बॅटरी घरोघरी आली आहे. इन्व्हर्टरमध्ये आहे, ई-रिक्षात आहे, आणि कपाशीवर फवारणी करणाऱ्या माणसाच्या पाठीवरच्या पंपातही आहे. यातल्या लिथियम बॅटरीचा सेल कसा तयार होतो? तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या, केसाहूनही पातळ पट्ट्यांवर काळसर लेप चढवतात, तो वाळवतात, रोलरखाली दाबतात, पट्ट्या कापतात आणि मध्ये सच्छिद्र पडदा ठेवून त्यांची गुंडाळी करतात किंवा थर रचतात. पट्टीचा ताण थोडा कमीजास्त झाला की सुरकुती पडते, पट्टी सरकते आणि सेल बाद होतो. म्हणून ताण सांभाळणाऱ्या यंत्रणेला फार मोल आहे.

समजा, अशा यंत्राच्या अर्जात कोणी लिहिले, ‘पट्टीवर योग्य ताण ठेवणारी योग्य व्यवस्था असलेले यंत्र.’ वाचायला वाक्य गोड आहे. पण योग्य म्हणजे किती? कोणाच्या मते? दुसऱ्या कारखानदाराने स्प्रिंग लावली तर तो या वाक्यात सापडला की सुटला? की ताण सांभाळणारी जगातली प्रत्येक युक्ती या गृहस्थाने एका वाक्यात खिशात घातली? त्याऐवजी, ताण मोजणारा सेन्सर कुठे बसवला आहे, त्याच्या इशाऱ्यावर कोणता रोलर सरकतो आणि मोजलेला ताण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की काय होते, असे लिहिले तर शेजाऱ्यालाही कळते, की इथपर्यंत धुरा आहे आणि पलीकडे रान मोकळे आहे.

अशा अर्जांचे मसुदे मी अभियांत्रिकीच्या मुलांबरोबर बसून वाचत आलो आहे. दोष बहुधा तेच ते. ‘साधारण’, ‘जवळजवळ’, ‘पुरेसा’, ‘इत्यादी’, ‘हवे असल्यास’ हे शब्द बोलण्यात सोयीचे, हक्कदाव्यात घातक. दुसरा दोष म्हणजे ‘तो रोलर’ असे लिहायचे आणि आधी कुठल्याच रोलरचा उल्लेख नसायचा. कोणता तो? तिसरा दोष भाषांतराचा. बॅटरीची यंत्रसामग्री करणाऱ्या मोठ्या कंपन्या चीन, जपान, कोरियातल्या. मूळ मजकूर त्यांच्या भाषेत, आपल्याकडे येतो तो इंग्रजीतून. एकाच भागाला एकदा पट्टी आणि एकदा फीत म्हटले, की परीक्षकाने काय समजावे? वस्तू एक की दोन?

परीक्षक अशा वेळी अहवालात ‘अस्पष्ट’ असा आक्षेप नोंदवतो. उत्तर द्यायला सहा महिने मिळतात, मागितल्यास आणखी तीन. उत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. अर्जदाराला हा सरकारी त्रास वाटतो. मला मात्र तो उपकार वाटतो. कारण तोच प्रश्न परीक्षकाने विचारला नाही तर पुढे प्रतिस्पर्ध्याचा वकील विचारतो, आणि तेव्हा दुरुस्तीला जागा राहिलेली नसते. हक्कदाव्याची व्याप्ती पुरेशी स्पष्ट नसणे हे, दिलेले पेटंट रद्द करण्याचे एक कारण कायद्याच्या कलम ६४ मध्ये आहेच. शिवाय मूळ वर्णनात जे नव्हते ते मागाहून घुसडता येत नाही. पहिल्या दिवशी आळस केला, तर त्याचे व्याज २० वर्षे भरावे लागते.

यंत्रांच्या पेटंटवरचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल आहे तो घरातल्या भांड्यांमुळे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने १९५१ मध्ये भांडी लेथवर पक्की धरून घासण्या-चकाकवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते. जुन्या पद्धतीत फिरते भांडे निसटून उडे आणि कामगाराला इजा होई, म्हणून ही सुधारणा. शेजारच्या कारखानदाराने तशीच युक्ती वापरल्यावर दावा झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एकदा हा जिंकला, एकदा तो, आणि डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्दच ठरवले. जुन्या यंत्राला जोडलेल्या या भागांत संशोधन म्हणावे असे नवे काही नाही, असे न्यायालयाचे मत पडले. त्या निकालातल्या दोन गोष्टी प्रत्येक अर्जदाराने पाटीवर लिहून ठेवाव्यात. एक, वर्णन आणि हक्कदावे एकत्र वाचायचे. आधी वर्णन, मग हक्कदावे. दुसरी, पेटंट मिळाले म्हणजे ते वैध आहे याची हमी मिळाली असे नव्हे. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या भांडणानंतर हाती काय आले, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

यावर कोणी म्हणेल, भाषेला इतके काटेकोर करता येते का? प्रत्येक शब्दाला मिलिमीटर लावला तर प्रतिस्पर्धी एक मिलिमीटर बाजूला सरकून मोकळा होईल. आक्षेप खरा आहे. अमेरिकेत व्यायामाच्या यंत्राच्या मुठीवर हृदयाचे ठोके मोजणाऱ्या एका उपकरणाचा खटला असाच झाला. मुठीवरचे दोन विद्युतवाहक भाग ‘एकमेकांपासून अंतरावर’ आहेत, एवढेच हक्कदाव्यात होते. किती अंतर? त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, की त्या विषयातल्या जाणकाराला व्याप्ती वाजवी खात्रीने कळली पाहिजे. कसाबसा अर्थ लावता येतो एवढ्याने भागणार नाही. पुढे २०१५ मध्ये खालच्या न्यायालयाने तेच शब्द पुरेसे स्पष्ट ठरवले, कारण दोन्ही भाग एका हाताच्या पंजाखाली मावायला हवेत हे वर्णनावरून उघड होते. म्हणजे आकडाच हवा असे नाही. वाचणाऱ्याला सीमा सापडेल अशी खूण हवी. आमचा शेतकरीही ‘मोठ्या चिंचेपासून नाल्यापर्यंत’ असे सांगतोच की! फक्त ती चिंच जागेवर असली पाहिजे.

हे सारे कारखानदारांचे आणि वकिलांचे भांडण, आपल्याला काय त्याचे, असे यवतमाळच्या वाचकाला वाटत असेल तर त्याने कपाशीच्या बियाण्याचे पाकीट आठवावे. या जिल्ह्याचे नशीब कापसाशी बांधलेले. २००६ मध्ये बोलगार्ड-२ हे दोन जनुकांचे बीटी बियाणे देशात आले. त्यामागे मोन्सॅन्टो कंपनीचे पेटंट होते. परीक्षणाच्या टप्प्यावर वनस्पतीवरचे हक्कदावे गळाले, कारण आपल्या कायद्याचे कलम ३ (जे) वनस्पती, त्यांचे भाग आणि बियाणे यांवर पेटंट देत नाही. उरलेल्या २७ हक्कदाव्यांपैकी शेवटचे तीन, बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार करवणाऱ्या जनुकीय साखळीविषयीचे होते. ही साखळी प्रयोगशाळेत जोडली तोवर ते माणसाचे संशोधन. पण तीच झाडात गेली, झाडातून सरकीत आणि सरकीतून पुढच्या झाडात, तेव्हा धुरा कुठे राहिला?

हा प्रश्न मोन्सॅन्टो आणि नुझिवीडू सीड्स यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. एप्रिल २०१८ मध्ये खंडपीठाने हे पेटंट कलम ३ (जे) खाली टिकत नाही असे ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला ठेवून, साक्षीपुराव्यानिशी खटला चालवा म्हणून प्रकरण परत पाठवले. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेटंटची २० वर्षे भरली. २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी आपसांत मिटवले. प्रश्नाला अखेरचे उत्तर मिळालेच नाही! वाद केवळ शब्दांचा नव्हता, कायद्याच्या अर्थाचाही होता, हे मान्य. पण हक्क नेमका कुठे थांबतो हे ठरले नाही तोवर पाकिटामागे तंत्रज्ञानाचे मूल्य घेतले जातच होते. २०१६च्या हंगामात केंद्र सरकारने ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली, त्यात ४९ रुपये या मूल्याचे होते. २०२० मध्ये ते शून्यावर आले. ते पैसे राळेगाव, कळंब, वणीच्या शेतकऱ्याच्या खिशातून गेले. त्या हक्कदाव्यांतली ओळ त्याने कधी पाहिली नव्हती, आणि पाहिली असती तरी ती त्याला वाचता आली नसती.

इथे माझी खरी तक्रार सुरू होते. आपल्याकडे पेटंटचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करता येतो, मराठीत नाही. सगळा व्यवहार मराठीत करा असा माझा हट्ट नाही. पण ज्या हक्काने मराठी माणूस २० वर्षे बांधला जाणार, त्याचा गोषवारा त्याच्या भाषेत का असू नये? शेतीशी आणि छोट्या कारखान्यांशी संबंध असलेल्या, महाराष्ट्रातून येणाऱ्या पेटंटांपासून आरंभ करावा. प्रत्येक हक्कदाव्याखाली दोन-तीन मराठी वाक्ये: काय अडवले आहे, काय मोकळे आहे. परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्या नागपुरातच आहे. यवतमाळहून ती जेमतेम दीडशे किलोमीटर.

दुसरी तक्रार आपल्या महाविद्यालयांविषयी. देशात वर्षाला एक लाखाहून अधिक पेटंटे दिल्याची बातमी २०२४ मध्ये आली आणि सर्वांना आनंद झाला. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत मिळते, मानांकनात पेटंटांची मोजणी होते. परिणाम असा, की अर्ज राजपत्रात प्रसिद्ध झाला की फलक लागतात, पेढे वाटले जातात. प्रसिद्ध होणे म्हणजे मंजूर होणे नव्हे. त्यापुढे परीक्षण असते. त्या परीक्षणात टिकेल असा हक्कदावा लिहायला शिकवणारा तास मात्र वेळापत्रकात सहसा सापडत नाही. यवतमाळ-पुसदच्या मुलांनी बॅटरीच्या पंपात, कपाशी वेचण्याच्या यंत्रात खरोखर डोके चालवावे, असे कितीतरी प्रश्न या जिल्ह्यात पडून आहेत. त्यांना युक्ती सुचेलही. पण धुरा आखता आला नाही तर ती युक्ती दुसऱ्याच्या शेतात जाईल.

आणि परीक्षकांकडूनही एक अपेक्षा आहे. नुसते ‘अस्पष्ट’ म्हणून शेरा मारणे हीदेखील अस्पष्टताच. कोणत्या हक्कदाव्यातला कोणता शब्द, आणि त्याचे कोणते दोन अर्थ निघतात, हे त्यांनी लिहावे. खेड्यातून आलेला, वकील न परवडणारा अर्जदार तेवढ्या एका वाक्याने सावरू शकतो. दुसऱ्याकडून स्पष्टता मागणाऱ्याने ती आधी आपल्या शेऱ्यात दाखवली पाहिजे.

गावात मोजणीला सरकारी माणूस येतो तेव्हा दोन्ही शेजाऱ्यांना बोलावून, सगळ्यांदेखत खुणा ठोकतो. कल्पनांच्या मोजणीतही तेवढा उघडेपणा मागण्याचा हक्क आपल्याला आहे.