पोस्टकार्ड कोणाला पाठवायचे?

मुलींना अभियंता करण्यात पुणे मागे नाही. कर्वेनगरचे कमिन्स महाविद्यालय १९९१ पासून आणि कात्रज-धनकवडीचे भारती विद्यापीठाचे महिला अभियांत्रिकी महाविद्यालय २००० पासून केवळ मुलींसाठी चालते. शेवटच्या वर्षी कॅम्पस मुलाखती होतात, ऑफर लेटर येते, पेढे वाटले जातात. इथवरचा हिशेब चोख आहे. दहा वर्षांनी यांतल्या किती जणी नोकरीत उरतात, हा हिशेब मात्र ८ मार्चच्या आठवड्यात गुलाब, फेटे आणि सेल्फी पॉइंट यांच्या गर्दीत कोणी मांडत नाही. यंदाही मांडला नाही.

आयटीतल्या स्त्रियांची गोष्ट १९७४ च्या पोस्टकार्डाशिवाय सांगितली जात नाही. टाटांच्या टेल्को कंपनीने अभियंते हवेत अशी जाहिरात काढली आणि स्त्रियांनी अर्ज करू नये असे तीत छापले. सुधा मूर्तींनी थेट जेआरडी टाटांना कार्ड लिहिले, पुण्यात मुलाखत झाली, नोकरी मिळाली. सत्कार-समारंभात गोष्ट इथेच संपवतात. तिचा उत्तरार्ध १९८१ मधला आहे. इन्फोसिस पुण्यात सुरू झाली ती सुधाताईंनी साठवलेल्या १०,००० रुपयांवर. पण नवरा-बायको दोघेही एका कंपनीत नकोत, असे नारायण मूर्तींनी ठरवले आणि बाहेर कोण राहिले ते सर्वांना ठाऊक आहे. कारखान्याचे फाटक एका कार्डाने उघडले. घरातल्या निर्णयावर कार्ड पाठवायची सोय नव्हती.

आता टीसीएसचा २०२२-२३ चा वार्षिक अहवाल पाहावा. सहा लाखांवर कर्मचारी, त्यांत स्त्रिया ३५ टक्क्यांहून जास्त. एरवी नोकरी सोडणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांइतके किंवा कमी असे. त्या वर्षी ते पुरुषांपेक्षा वाढले. यामागे भेदभाव नाही, घरून काम करण्याच्या काळात काहींची घरची घडी बदलली असावी, असा तर्क कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांनी मांडला. तर्क पटण्याजोगा आहे. फक्त ‘घरची घडी’ म्हणजे सासूबाईंचे गुडघे, मुलाची शाळा आणि न आलेल्या स्वयंपाकाच्या मावशी, एवढे त्यात घालायला हवे. १९७४ चा नकार छापील होता, म्हणून त्याला उत्तर देता आले. आजचा नकार कोणी देतच नाही. बाई स्वतःच राजीनामा लिहिते आणि कारणापुढे ‘वैयक्तिक’ असे भरते.

कायद्याने आपल्या परीने हातभार लावला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. पण कंपनीचे पाळणाघर हिंजवडीच्या आयटी पार्कात आणि घर कात्रजला असेल, तर आठ महिन्यांचे मूल आधी नवले पूल, मग वारजे, मग चांदणी चौक, मग वाकड असे वीस-पंचवीस किलोमीटर न्यायचे आणि तसेच परत आणायचे. घराजवळचे पाळणाघर निवडले, तर ते संध्याकाळी बंद होण्याच्या सुमारास आई बायपासवर अडकलेली असते. कॅलिफोर्नियाची मीटिंग तेव्हाच सुरू होते.

इथे पीएमपीचा, म्हणजे शहराच्या बससेवेचा, विषय येणारच. बसला वेगळी मार्गिका देणारा देशातला पहिला बीआरटी प्रयोग २००६ मध्ये याच कात्रजहून सुरू झाला. पुढे स्त्रियांसाठी ‘तेजस्विनी’ बस आली आणि दर महिन्याच्या ८ तारखेला तीत मोफत प्रवास मिळू लागला. उरलेल्या दिवशी बाईने दुचाकी काढावी, अशी व्यवस्था आहे. वेळेवर येणारी बस दहा ‘लीडरशिप’ कार्यशाळांपेक्षा जास्त नोकऱ्या वाचवेल. याला आकडेवारीचा पुरावा नाही. कात्रज चौकात संध्याकाळी साडेसातला उभे राहिले की पुरे.

तेव्हा कंपन्यांनी पुढच्या ८ मार्चला गुलाब देऊ नयेत. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या मुलींपैकी किती जणी आज कामावर आहेत आणि त्यांतल्या किती टीम चालवतात, हे दोन आकडे फलकावर लिहावेत. ते लिहायची हिंमत नसेल, तर सत्कारही करू नयेत.