सोने धुणाऱ्यांची नोंद कुणाच्या नावावर?

पोळ्यानंतरच्या आठवड्यात अल्लीपूरला बहिणीकडे आलेली एक बाई दवाखान्यात आली. "हात लय कापते जी, चहाचा कप धरवत नाही." हिरड्या सुजलेल्या, झोप नाही, चिडचिड फार. नसांच्या गोळ्या दोन ठिकाणी घेऊन झाल्या होत्या. काम काय करता, हे कुणी विचारले नव्हते. ती सोनझरी. सराफ ओळीतला केर आणि नालीतला गाळ धुऊन सोन्याचे कण काढते.

धंदा जुना आहे. मध्य प्रांतातील जातीजमातींवरील रसेल व हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात नदीची वाळू धुणारे सोनझरे आहेत. नदी सुटली, नाली आली. धुतलेल्या गाळात पारा घोळतात, तो सोने पकडतो. मग तो गोळा चुलीवर तापवला की पारा उडतो आणि सोने उरते. उडालेला पारा श्वासात जातो. थर्मामीटर फुटून पाऱ्याचा थेंब पोटात गेला तर आपण घाबरतो, पण तो बहुतेक तसाच बाहेर पडतो. वाफेतला पारा मात्र सुमारे 80 टक्के अंगात शोषला जातो आणि मेंदू व मूत्रपिंडाला धरतो. या वाफेला रंग नाही, वास नाही. तोंडावर बांधलेला पदर तिला अडवत नाही. चुलीपाशी खेळणारे पोरही तीच हवा घेते.

अशा कामगारांना कायद्याच्या चौकटीत आणा, असे म्हणतात. जरूर आणावे. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी 2021 पासून आहेच. पण कार्डाने वाफ थांबत नाही. शिवाय धंदा नियमित करणे म्हणजे आपल्याकडे बहुधा ठेका देणे. केराचा ठेका एकाच्या नावावर गेला, की कागद त्याचा आणि धूर बाईचा. माझे म्हणणे एवढेच, की नोंद धुणाऱ्याच्या नावावर व्हावी आणि कार्डासोबत पारा तापवायचे बंद भांडे मिळावे. झाकणाला नळी, नळीवर गार पाणी, बस्स. पाराही परत हाती येतो, म्हणजे पैसेही वाचतात.

कायदे नाहीत असे नाही. कारखान्यातील पाऱ्याची विषबाधा डॉक्टरने सरकारला कळवावी, हे 1948 च्या कारखाने कायद्यानेच घालून दिले. भारताने 2018 साली मान्य केलेला मिनामाता करार छोट्या खाणकामात असा गोळा उघड्यावर जाळणे बंद करायला सांगतो. पण नाली ना कारखाना, ना खाण!

डॉक्टरबंधूंना विनंती, हात कापणाऱ्या रुग्णाला आधी धंदा विचारा. लघवीतला पारा तपासता येतो. या बाईला मी तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवले आणि दिवाळीपर्यंत चुलीपाशी जाऊ नका म्हणून बजावले. ती नुसती हसली. सराफ ओळीत केर दिवाळीच्या आधीच जास्त निघतो.