रगडा आणि तयारी

सैन्याच्या तुकडीसोबत राहून शिकायच्या आर्मी अटॅचमेंट कॅम्पला जाणाऱ्या एनसीसी कॅडेटांची यादी लागली, की कॉलेजच्या मैदानावर एक जुनं मत हमखास ऐकू येतं: ‘तिथं लाड होणार नाहीत. आधी इथंच रगडा द्या, म्हणजे पोरं टिकतील.’ हे सांगणारे कधी सीनियर असतात, कधी माजी कॅडेट, तर कधी खुद्द पालक. मग पुढचे काही आठवडे फ्रंट रोल, कोपरांवर रांगणं, भर उन्हात सावधान आणि एक जण उशिरा आला म्हणून सगळ्या प्लाटूनला शिक्षा, असा कार्यक्रम चालतो. त्याला तयारी म्हणायची पद्धत आहे. ती तयारी तर नाहीच. उलट ही मुलं ज्यासाठी छावणीत जायची, तेच या रगड्यामुळे हातचं जातं.

रगड्याच्या बाजूनं पहिला मुद्दा असा, की सैन्यही असंच शिकवतं. सैन्याचं प्रशिक्षण कठोर असतं, यात वाद नाही. पण तिथं दाखल होणारा रिक्रूट किमान साडेसतरा वर्षांचा असतो. 1.6 किलोमीटरची धाव, पुल-अप्स, 9 फुटी खड्ड्यावरची उडी आणि वैद्यकीय तपासणी हे सगळं पार करून तो आत आलेला असतो. त्याच्यावरचा भार आठवड्याआठवड्यानं वाढवतात. शिकवणारा उस्ताद त्या कामासाठी तयार झालेला असतो आणि कुणी कोसळलं तर एम. आय. रूम, म्हणजे तिथला दवाखाना, जवळ असते. मैदानावरचा एकोणीस वर्षांचा सीनियर यातला फक्त आवाज उचलतो. आरडाओरडा लांबून ऐकू येतो. त्याच्यामागचं वेळापत्रक दिसत नाही. शिवाय रिक्रूटनं नोकरी पत्करलेली असते. 1948च्या एनसीसी कायद्याखाली कॅडेटवर युद्धसेवेचं कसलंही बंधन नाही. तो छावणीत शिकायला आणि पाहायला जातो.

दुसरा मुद्दा: रगड्यानं भीती मोडते. 2023च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या एका कॉलेजच्या आवारातली चित्रफीत साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली. भर पावसात, चिखलपाण्यात डोकी टेकवून ओणवी केलेली मुलं आणि मागून काठी चालवणारा त्यांचाच सीनियर. त्या मुलांची कोणती भीती मोडली? मार निमूट सोसायचा आणि पुढं आपली पाळी आली की तोच खालच्यांना द्यायचा, एवढंच त्यातून शिकता येतं. याला शिस्त म्हणणं हा गणवेशाचाच अपमान आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात लाडका: ‘आम्हीही असेच घडलो.’ हे टिकलेले लोक बोलतात. जे दोन महिन्यांत एनसीसी सोडून गेले, ते साक्ष द्यायला मैदानावर नसतात. त्यांच्यात चांगला नेमबाज किंवा नकाशा पटकन वाचणारी मुलगी असेल, ते आता कळायला मार्ग नाही. आणि एक विसरायला नको. चीनशी युद्ध झाल्यावर 1963 साली कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली, पण 1968 साली ती पुन्हा ऐच्छिक झाली. म्हणजे आज रांगेत उभा असलेला प्रत्येक जण स्वतःहून आला आहे. स्वतःहून आलेल्याची रग जिरवायची गरजच काय?

याचा अर्थ मुलांना काहीच न शिकवता गाडीत बसवावं, असा नाही. ‘तिथं गेल्यावर आपोआप शिकतील’ हे मतही तितकंच बेजबाबदार आहे. तयारी हवीच, पण ती पायांपासून सुरू व्हावी. नवे बूट कॅम्पच्या आदल्या दिवशी घातले, तर दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो आणि पुढचे सगळे दिवस कॅडेट फक्त त्या फोडाचाच विचार करतो. ते दोन-तीन आठवडे आधीपासून, रोज थोडा वेळ घालून पायात बसवायला हवेत. चालण्याचं अंतरही हळूहळू वाढवावं. नडगी सतत दुखत असेल, तर तो कामचुकारपणा समजू नये. अचानक वाढलेल्या भारानं हाडाला बारीक चीर जाऊ शकते आणि असं दुखणं लपवलं की वाढतं.

उन्हाचंही तसंच आहे. उष्णतेला सरावायला शरीराला सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात. एका दुपारी तीन तास उन्हात उभं करून ते दिवस वाचत नाहीत. फक्त कुणीतरी चक्कर येऊन पडतं. परेडमध्ये चक्कर का येते, हे मुलांना सांगावं. बराच वेळ हालचाल न करता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. गुडघे ताठ आवळू नयेत, बुटांच्या आत बोटं हलवावीत, पोटऱ्या आवळून सैल सोडाव्यात आणि रिकाम्या पोटी परेडला येऊ नये. शंभर पुश-अप्सपेक्षा हे चार नियम जास्त कामाला येतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मैदानावर कुणी बोलत नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. मुलग्यांमध्येही हे प्रमाण 31 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून यादी लागताच आधी हिमोग्लोबिन तपासावं. धाप लागणाऱ्या मुलीला ‘स्टॅमिना नाही’ म्हणून आणखी एक फेरी देणं हा अडाणीपणा आहे. कॅम्पमध्ये पाळी आली तर काय करायचं, कुणाला सांगायचं, पॅड किती न्यायचे, हे कॉलेजातल्या बाईंनी आधीच मोकळेपणानं सांगून टाकावं.

आता डोक्याच्या तयारीकडे येऊ. आपण कुणाच्या घरी चाललो आहोत, हे कॅडेटला ठाऊक हवं. उदाहरणार्थ, बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. या रेजिमेंटची पहिली बटालियन, जंगी पलटण, 1768 साली उभी राहिली. रेजिमेंट दरवर्षी 4 फेब्रुवारीला, कोंढाणा सर झाला त्या दिवशी, मराठा दिन पाळते. याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी एप्रिल 1945मध्ये इटलीत सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. जर्मन मशीनगनच्या ठाण्यांवर चालून जाण्याआधी त्यांनी गोळीबारातून, पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून आपले दोन जखमी सोबती एकेक करून सुरक्षित जागी नेले होते. आधी सोबती, मग शत्रू. मागं पडलेल्या मुलाच्या पाठीत काठी घालणाऱ्या सीनियरला ही गोष्ट मुद्दाम सांगावी.

शेवटची सवय प्रश्न विचारायची. ‘उस्ताद, समजलं नाही, पुन्हा दाखवा’ हे वाक्य न घाबरता म्हणता यायला हवं. रायफल हातात असताना न समजता मान डोलावणारा कॅडेट सगळ्यांत धोकादायक असतो, आणि रगडा नेमका असाच कॅडेट घडवतो. परत आलेल्यांना ‘किती टिकलास?’ असं विचारणं म्हणूनच बंद करावं. तिथं काय पाहिलं, काय विचारलं, काय पटलं नाही, हे विचारावं. या प्रश्नांना ज्याच्याकडे उत्तरं असतील त्याची तयारी झाली होती. जो नुसताच टिकून आला, त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली असती तरी चाललं असतं.