बॉम्बर पडले किती, पाडले किती?

युद्ध पेटले की विमाने आकाशात कमी आणि मोबाईलवर जास्त पडतात. जून 2025 च्या इराण-इस्रायल युद्धात एफ-35 पाडल्याची संगणकावर बनवलेली छायाचित्रे जगभर फिरली. अमेरिकेच्या रडारला चकवणाऱ्या 'बी-2' बॉम्बरबद्दलही अशा कथा जुन्याच आहेत. एकदा हिशेबच मांडू या.

बी-2 एकूण 21 बनली. त्यांतली दोन गेली, पण शत्रूच्या हातून नव्हे. 23 फेब्रुवारी 2008 रोजी ग्वाम बेटावर एक विमान उड्डाण घेतानाच कोसळले. हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्रणेत ओलावा शिरला होता. वैमानिक वाचले, पण सुमारे 140 कोटी डॉलर मातीत गेले. डिसेंबर 2022 मध्ये मिसुरी राज्यातील तळावर दुसऱ्याला आग लागली. पुढे ते दुरुस्त न करण्याचे ठरले. उरली 19.

मग 'पाडले' कुठून आले? 27 मार्च 1999 रोजी सर्बियाने एफ-117 हे स्टेल्थ विमान खरोखर पाडले. अमेरिकेने ते मान्य केले. अवशेष बेलग्रेडच्या संग्रहालयात आहेत. त्याच युद्धात बी-2 पाडल्याचाही दावा झाला, पण त्याचा तुकडाही कोणी दाखवला नाही. एका खऱ्याच्या आडोशाने दहा खोटी खपतात ती अशी.

आता आपल्याकडे पाहा. मे 2025 च्या 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये भारताची विमाने पाडल्याचा दावा पाकिस्तानने केला. आपली काही विमाने पडली, हे सरसेनाध्यक्ष अनिल चौहान यांनी 31 मे रोजी सिंगापूरमध्ये मान्य केले. सहाचा आकडा खोटा ठरवला, पण खरा आकडा सांगितला नाही. मधल्या तीन आठवड्यांत अफवांनी घर केले. चूक फक्त अफवा पसरवणाऱ्यांचीच का?

लपवाछपवी अफवांना जन्म देते, हे गुहागर तालुक्याला नवे नाही. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा 1993 चा वीजखरेदी करार सुरुवातीला जनतेपासून दूरच ठेवला गेला. त्याची किंमत मात्र जनतेनेच मोजली.

म्हणून प्रत्येक बातमीला विचारा: अवशेष कुठे? वैमानिक कुठे? एकूण संख्येतून किती उणे झाले? आणि हाच प्रश्न सरकारलाही विचारा. विमान आपल्या पैशाचे असते, वैमानिक आपल्यातलाच असतो. हिशेब मागणे हा देशद्रोह नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे!