जॉर्ज हॅरिसन : सतारीचा एक शिष्य

'बीटल्स' या इंग्लिश वाद्यवृंदातील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी निवर्तले. मला ते विशेषतः शिष्य म्हणून आठवतात. १९६६ साली, ऐन कीर्तीच्या भरात, २३ वर्षांचे हॅरिसन पंडित रविशंकरांपाशी सतार शिकण्यास मुंबईस आले. पुढे त्यांनी ओळखले की, या वाद्यास जन्मभराचा रियाज हवा. (तो काय असतो, हे आपण जाणताच.) त्यांनी सतार खाली ठेवली व पुन्हा गिटार धरली. मजसारख्या चाहत्यास हा पराभव वाटे. परंतु १९७० सालचे 'माय स्वीट लॉर्ड' आपण कान देऊन ऐका. तारांवरून नळी सरकवीत वाजविलेल्या त्या गिटारीचे स्वर तुटत नाहीत; मींडेप्रमाणे एकमेकांत वळतात. तेवढा भाग मी अजूनही पुनःपुन्हा लावतो.